अनुभव धागा : अंबाझरीचं पाणी घरात-दुकानात शिरल्यावर काय करावं?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या, बर्डीची (सीताबर्डी बाजारातली) दुकानं पाण्यात गेली. तेव्हा ज्यांनी वायरिंग, गाड्या, टाक्या, विम्याचे दावे हाताळले त्यांनी लिहावं. हळहळ नको, कृती लिहा.

वायरमन, नंदनवन
मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर घर जिवंत ठेवतो, हे लोक विसरतात. आधी त्याच्या बॅटरीची वायर काढा, तीही कोरड्या जागी उभं राहून. बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी धुऊन वापरू नका, बदला. खरा त्रास भिंतीतल्या पाइपांचा. त्यात पाणी आठवडाभर राहतं. म्हणून प्रत्येक सर्किट वेगळं करून ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासा. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली असेल तर ते सर्किट चालू करायचं नाही, घरचे कितीही मागं लागले तरी.

गॅरेजवाला, मानेवाडा
पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारू नका! एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. खर्चाचं काम तिथूनच सुरू होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी टो करून आणा. डिपस्टिकवर (तेल मोजायची पट्टी) तेल दुधी दिसलं तर इंजिनात पाणी आहेच. ऑटोमॅटिक गाडी दोरीनं ओढू नका, फ्लॅटबेड ट्रकवरच चढवा.

↳ विम्याचं काम करणारा, धरमपेठ
यात भर. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान धरतात, पण पाण्यात गाडी चालू केल्यानं इंजिन गेलं तर कंपनी हात वर करते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. दुकानदारांनी सर्व्हेअर (नुकसान मोजायला येणारा) येईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. माल उचलायला महापालिकेची गाडी दारात उभी असेल तर निदान भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो, मालाची यादी नि प्रत्येक गठ्ठ्यातला एक नमुना ठेवा.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो कमी रकमेच्या विम्यात. माल १० लाखांचा, विमा ५ लाखांचा आणि नुकसान २ लाखांचं, तर हाती १ लाखच येतो, कारण विमा निम्म्याचा म्हणून भरपाईही निम्मीच. हप्ता वाचवल्याची ही किंमत. शिवाय नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं. तो आकडा दाव्याच्या हिशेबात धरायला सीएला आधीच सांगा, नंतर कुणी ऐकत नाही.

टाकी-प्लंबिंग, हिंगणा रोड
जमिनीतल्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं असं धरूनच चाला. उपसा, गाळ काढा, भिंती घासा, मग भरा. दर हजार लिटरला साधारण १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओता. एक दिवस तसंच ठेवा आणि सगळं काढून टाका. पुढं रोजच्या पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम पुरे, अर्धा तास थांबून वापरा. उघडी पडलेली पावडर ओलीनं मेलेली असते, ती कितीही टाका, उपयोग नाही.

सुतार, महाल
प्लायचे पलंग वाचत नाहीत. सागवानी असेल तर सावलीत वाळवा. उन्हात टाकलं की फळ्या फाटतात.

पंचनाम्याची कामं पाहिलेला
सरकारनं तेव्हा घरामागे १० हजार, टपऱ्यांना १० हजारांपर्यंत आणि दुकानांना ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. अडलं कुठं? भाडेकरूंच्या आधारवर गावाकडचा पत्ता होता. वीजबिल मालकाच्या नावावर, भाडेकरार कुठंच नाही. अशांनी पंचनाम्याच्या वेळी मालकाला सोबत उभं करावं, यादीत राहणाऱ्याचंच नाव नि खातं लिहून घ्यावं. टपरीवाल्यांनी फेरीवाला प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं. ते भिजलं की टपरीही कागदावर उरत नाही.

↳ वायरमन, नंदनवन
मीटर बुडालं असेल तर सील तोडू नका बावा. महावितरणला अर्ज द्या, पोच घ्या.