काउंटी जेलमधील नातेवाइकाची व्हिडिओ भेट कशी ठरवावी?

अबोली:
नमस्कार. माझे धाकटे दीर गेल्या सहा दिवसांपासून टेक्सासमधील एका काउंटी (म्हणजे जिल्ह्याच्या) जेलमध्ये आहेत. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे लगेच तेथे जाणे शक्य नाही. जामिनाचे काम वकील पाहत आहेत. जेल चालवणाऱ्या शेरीफच्या संकेतस्थळावरील दुव्यावरून मी व्हिडिओ भेटीच्या ॲपमध्ये खाते उघडले, ड्रायव्हिंग लायसन्सचे आणि स्वतःचे छायाचित्र दिले, पैसेही भरले. परंतु भेटीची वेळ निवडायला गेले की त्यांचे नाव सापडतच नाही. जेलच्या कैद्यांच्या यादीत मात्र ते दिसते. माझे कुठे चुकते आहे? सासूबाई रोज विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसते.

जुना रहिवासी:
ताई, तुमचे बहुधा काहीच चुकलेले नाही. अटकेनंतरचे पहिले काही दिवस माणूस नोंदणी आणि वर्गीकरणाच्या कोठड्यांत असतो आणि कायमची बराक मिळेपर्यंत पुष्कळ ठिकाणी त्याला भेटीच वापरता येत नाहीत. दुसरी शक्यता आपल्या नावांची आहे. पासपोर्टमध्ये वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडलेले असले, की नोंद करणारा त्याची वाटेल तशी फोड करतो; माझ्या मावसभावाचे आडनाव जेलच्या दप्तरी दोन आठवडे त्याच्या वडिलांचे नाव होते. म्हणून नावाने शोधू नका. जेलच्या यादीत दिलेला बुकिंग क्रमांक, म्हणजे अटकेच्या नोंदीचा क्रमांक, ॲपमध्ये टाकून पाहा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: ॲपमध्ये खाते उघडणे आणि भेटीला मंजुरी मिळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. सिक्युरस, व्हायापाथ यांसारख्या कंपन्या फक्त यंत्रणा पुरवतात. कोणाला भेटू द्यायचे, हे जेल ठरवते. काही जेलांत तर आधी कैद्यानेच भेटणाऱ्यांची नावे लिहून द्यावी लागतात. त्यामुळे कंपनीच्या मदत क्रमांकावर तासभर ताटकळण्यापेक्षा जेलच्या भेटी विभागाला फोन करून तीनच गोष्टी विचाराव्यात: दीर बराकीत गेले आहेत का, तुमचा अर्ज त्यांच्याकडे पोहोचला आहे का, आणि त्या बराकीच्या भेटीच्या वेळा कोणत्या.

टाचणी:
मी या सगळ्यातून गेले आहे, म्हणून प्रत्यक्ष भेटीविषयी लिहिते. पहिल्या भेटीत मला भावाचे कपाळ आणि मागच्या भिंतीचा पिवळा रंग एवढेच दिसले, कारण त्याच्याकडचा किऑस्क, म्हणजे पडदा-कॅमेऱ्याचे यंत्र, भिंतीत घट्ट बसवलेला होता आणि रिसीव्हरची धातूची दोरी इतकी आखूड, की तो मागे सरकला की कानापासून रिसीव्हर सुटायचा. वीस मिनिटांतली चार मिनिटे ‘ऐकू येतंय का’ यातच गेली. तेव्हा कॅमेरा, माइक आणि इंटरनेट आदल्या दिवशीच तपासा. चेहऱ्यावर उजेड असू द्या, मागे कोणी ये-जा करणार नाही अशी खोली निवडा. मंजुरी नसलेली व्यक्ती चौकटीत आली किंवा पडद्याचे छायाचित्र घेतले, तर भेट तिथेच तोडली जाऊ शकते. सासूबाईंना शेजारी बसवायचे असेल तर त्यांचाही अर्ज आताच करून ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या भेटी ध्वनिमुद्रित होतात आणि सरकारी वकिलांना त्या मिळू शकतात. ‘त्या रात्री नेमके काय झाले’ हा प्रश्न आपल्या तोंडून अगदी मायेने निघतो, पण तो विचारू नका आणि दीर स्वतःहून सांगू लागले तर विषय बदला. खटल्याविषयी बोलायचे ते वकिलांनी, तेही त्यांच्यासाठी राखलेल्या गोपनीय भेटीत. आपण जेवण, झोप, औषधे, घरची खुशाली एवढेच बोलावे. तेवढ्यासाठीही वेळ अपुराच पडतो.

वाटाड्या:
पैशांबाबत थोडे. फोनचे खाते, व्हिडिओचे खाते आणि आतल्या दुकानासाठीचे, म्हणजे कमिसरीचे खाते ही अनेकदा निरनिराळी असतात आणि एकात भरलेली रक्कम दुसऱ्यात वळवता येत नाही. म्हणून सुरुवातीला थोडीच रक्कम भरा. घरबसल्या केलेल्या भेटीला शुल्क असले तरी जेलच्या आवारातील पडद्यावरची भेट बहुतेक ठिकाणी विनामूल्य असते. कैद्यांच्या फोनदरांविषयीच्या मार्था राइट-रीड कायद्यावर ५ जानेवारी २०२३ रोजी स्वाक्षरी झाली आणि व्हिडिओ संभाषणांच्या दरांवरही नियंत्रण ठेवण्याचा अधिकार अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाला मिळाला. आपल्या मुलाला किंवा नातवाला फोन करणे परवडावे म्हणून लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागते, हे मला तरी लाजिरवाणे वाटते.

तुम्हाला कधी टेक्सासला जाता आले, तर तेथे २०१५ च्या कायद्याने काउंटी जेलना आठवड्यातून किमान दोन प्रत्यक्ष भेटी देणे बंधनकारक केले आहे. मात्र ज्या जेलांनी त्याआधीच व्हिडिओ यंत्रणेवर खर्च केला होता, त्यांना सूट मिळाली. तेव्हा निघण्यापूर्वी विचारून घ्या.

अबोली:
सर्वांचे मनापासून आभार. बुकिंग क्रमांक टाकताच नाव सापडले. सासऱ्यांचे नाव आडनावाच्या रकान्यात होते. दीर काल बराकीत गेले, माझा अर्ज आज मंजूर झाला आणि सासूबाईंचा पाठवला आहे. गुरुवारी त्यांच्याकडच्या सायंकाळी सातची वेळ मिळाली. ॲपमधील वेळ जेलच्या घड्याळाची आहे, हे ऐनवेळी लक्षात आले, नाहीतर आम्ही एक तास आधीच पडद्यासमोर बसलो असतो.