कामिनो दे सांतियागो : विमानाचे तिकीट कुठपर्यंतचे काढावे आणि पुढचा प्रवास कसा जोडावा?

प्रश्न (पुणे)

नमस्कार. मी ५९ वर्षांची आणि माझी धाकटी बहीण ५५ वर्षांची. आम्ही दोघींनी २०२७ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या सीमेवरील सँ-झाँ-पिए-द-पोर या गावापासून स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंतचा कामिनो, म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरूंचा सुमारे ७८० किलोमीटरचा मार्ग, पायी चालण्याचे ठरवले आहे. आळंदी ते पंढरपूर अशी पायी वारी आम्ही चार वेळा केली आहे, त्यामुळे रोज वीस-बावीस किलोमीटर चालण्याची धास्ती वाटत नाही. काळजी आहे ती चालणे सुरू होण्याआधीच्या आणि संपल्यानंतरच्या प्रवासाची. आळंदीला आम्ही बसने जातो, पंढरपुराहून एसटीने परत येतो आणि मधल्या दिवसांत वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये असते. इथे यातले प्रत्येक काम आमचे आम्हालाच जुळवायचे आहे.

एका ट्रॅव्हल एजंटने मुंबई-पॅरिस-मुंबई हे तिकीट सर्वांत स्वस्त पडेल असे सांगितले आहे. ते घ्यावे का? चालायला सुरुवात फ्रान्समध्ये असल्याने व्हिसा फ्रान्सचा काढायचा की स्पेनचा? एकूण किती दिवस धरावेत? आणि शहरात लागणारे जास्तीचे कपडे असलेली बॅग त्या महिनाभरात कुठे ठेवावी?

प्रतिसाद १ (ठाणे)

ताई, पॅरिसचे जाऊन-येऊन तिकीट काढू नका. तुमचे चालणे जिथे संपते ते सांतियागो स्पेनच्या वायव्य टोकाला आहे. तिथून केवळ परतीचे विमान पकडण्यासाठी पॅरिसला जायचे म्हणजे वेगळे तिकीट, एक जादा मुक्काम आणि थकलेल्या पायांनी आणखी एक विमानतळ पालथा घालणे आले. तिकिटात जे वाचते ते तिथेच खर्च होते. बहुतेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय असतो. त्यात जाताना मुंबई ते पॅरिस किंवा उत्तर स्पेनमधले बिल्बाओ आणि येताना माद्रिद ते मुंबई असे एकाच पीएनआरवर मिळू शकते, आणि त्याचे भाडे दोन एकेरी तिकिटांपेक्षा बहुधा बरेच कमी असते.

मात्र तिकिटाच्या आधी दिवस मोजा. ७८० किलोमीटरला रोजचे २२ धरले तर ३५-३६ दिवस होतात. त्यात विश्रांतीचे तीन दिवस, सांतियागोत दोन आणि दोन्ही बाजूंच्या प्रवासाचे चार मिळवले की आकडा ४५ च्या आसपास जातो. मी कामिनो चाललो तेव्हा माझ्या सोबतच्या गृहस्थांनी ३८ दिवसांत सगळे बसवले होते. अकराव्या दिवशी घोटा सुजला तेव्हा त्यांना थांबणे परवडेना आणि पुढचे दोन टप्पे त्यांनी बसने पार केले. ती हळहळ त्यांना अजून आहे. परतीची तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्या, थोडे महाग पडले तरी.

व्हिसा स्पेनचा. शेंगेनचा, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम असा आहे की ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. पहिले पाऊल फ्रान्समध्ये पडले तरी त्याने फरक पडत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण मुक्कामाचा लागतो. इथे एक गोष्ट बारकाईने पाहा : व्हिसावर तारखांखेरीज मुक्कामाच्या दिवसांचाही आकडा छापलेला असतो, आणि तो तुम्ही अर्जात दाखवलेल्या कार्यक्रमावरून ठरतो. अर्जात ३८ दिवस लिहिले आणि प्रत्यक्षात ४५ लागले, तर बदलता येणारे तिकीटही उपयोगाचे नाही. म्हणून राखीव दिवस अर्जातच धरा.

आणखी एक. २०२७ मध्ये २५ जुलै, म्हणजे ज्यांच्या समाधीसाठी ही यात्रा आहे त्या संत याकोबाचा दिवस, रविवारी येतो. असे झाले की ते वर्ष ‘पवित्र वर्ष’ मानले जाते. २०२४ या साध्या वर्षीही जवळजवळ पाच लाख यात्रेकरूंनी सांतियागोत पूर्ततेचे प्रमाणपत्र घेतले होते, तेव्हा २०२७ मध्ये गर्दी नक्कीच जास्त असेल. सँ-झाँ, ओरिसाँ आणि रोन्सेस्व्हायेस इथल्या पहिल्या रात्रींच्या खाटा विमानाच्या तारखेबरोबरच राखून ठेवा.

प्रतिसाद २ (नाशिक)

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. माझा मुद्दा मधल्या थांब्याचा आहे. आम्ही पती-पत्नी युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर विमान बदलून बिल्बाओला जाणार होतो आणि मध्ये फक्त सत्तर मिनिटे होती. शेंगेनमधला प्रवेश जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच होतो, अंतिम ठिकाणी नव्हे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. पासपोर्ट तपासणीच्या रांगेतच पाऊण तास गेला. धावतपळत विमान मिळाले, पण सामान मागे राहिले. बिल्बाओच्या पट्ट्यावर शेवटी लहान मुलांची एक लाल ढकलगाडी तेवढी फिरत होती. आमच्या सॅक आणि काठ्या तिसऱ्या दिवशी सँ-झाँच्या वाटेवरच्या बायोन या फ्रेंच शहरातल्या हॉटेलवर आल्या. तोवर रोन्सेस्व्हायेसचे आरक्षण वाया गेले होते.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेशाची नोंद पासपोर्टवरील शिक्क्याऐवजी संगणकावर करण्याची आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या प्रवेशाला वेळ लागू शकतो. फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा पॅरिस इथे विमान बदलायचे असेल तर मध्ये तीन तास ठेवा. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर ही तपासणी थेट स्पेनमध्ये उतरल्यावर होते, आणि तिथे पुढचे विमान चुकण्याची भीती नसते.

चालण्याचे बूट पायातच घालून विमानात बसा. औषधे, पावसाळी जाकीट आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. काठ्या मात्र चेक-इन सामानातच द्याव्या लागतात आणि पॉवर बँक उलट फक्त केबिनमध्येच चालते. सॅकचे लोंबणारे बंद सामानाच्या सरकत्या पट्ट्यात अडकून तुटतात, म्हणून सॅक एखाद्या साध्या कापडी पोत्यात घालून दोरीने बांधली तर उत्तम. आमच्या घरात गव्हाचे पोते होते, तेच नेले.

प्रतिसाद ३ (माद्रिद)

मी कामानिमित्त बरीच वर्षे माद्रिदमध्ये राहतो आणि कामिनोसाठी येणारी मराठी मंडळी अधूनमधून भेटतात, म्हणून जमिनीवरच्या प्रवासाबद्दल लिहितो.

पॅरिसमार्गे जायचे तर विमानतळावरून आरईआर बी या लोकलने दाँफेर-रोशरो आणि तिथून मेट्रोने मोंपार्नास स्थानक गाठावे लागते. मोंपार्नासहून बायोनपर्यंत टीजीव्ही या वेगवान गाडीला साधारण चार तास लागतात आणि बायोनहून सँ-झाँला जाणारी छोटी गाडी तासाभराची आहे, परंतु ती दिवसातून मोजक्याच वेळा सुटते. रात्रभरच्या विमानप्रवासानंतर सॅक पाठीवर घेऊन मेट्रोचे जिने चढणे तुमच्या वयात अशक्य नाही, पण अनावश्यक आहे.

माद्रिदमार्गे अधिक सोपे आहे. विमानतळाच्या टर्मिनल ४ वरून सँ-झाँच्या अलीकडच्या पाम्प्लोना या स्पॅनिश शहराला थेट बस जाते, प्रवास पाच-सहा तासांचा. तुमचे विमान दुसऱ्या टर्मिनलला लागले तर टर्मिनलांमध्ये मोफत बस फिरते. पाम्प्लोनात एक रात्र झोपा. तिथले बसस्थानक जुन्या किल्ल्याशेजारी जमिनीखाली आहे, नवख्या माणसाला वरून दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिथूनच सँ-झाँची बस मिळते. पावणेदोन तास लागतात आणि ती रोन्सेस्व्हायेसवरून जाते, त्यामुळे जो डोंगर तुम्ही पुढे पायी चढणार आहात तो आधी खिडकीतून दिसतो. ही बस हंगामापुरतीच असते, सप्टेंबरमध्ये चालू असते. सँ-झाँहून वर जाणारी नेपोलियनची वाटसुद्धा १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद ठेवतात. तुम्हाला ती उघडी मिळेल.

जास्तीच्या बॅगेचा प्रश्नही पाम्प्लोनातच सुटतो. स्पेनचे पोस्ट खाते, म्हणजे कोरेओस, यात्रेकरूंची बॅग सांतियागोला पाठवून तुम्ही पोहोचेपर्यंत सांभाळून ठेवते. तेच खाते रोजची सॅकही एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला नेऊन देते. तुमच्या दिंडीच्या ट्रकच्या जवळ जाणारी हीच सोय आहे. फक्त पाम्प्लोनात शनिवारी दुपारनंतर किंवा रविवारी पोहोचू नका, पोस्ट बंद असेल.

परतीला सांतियागोहून माद्रिदला आगगाडीने या. गालिसियाचा, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे तिथला, वेगवान लोहमार्ग डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून हा प्रवास तीन-साडेतीन तासांवर आला आहे. गाडी चामार्तिन स्थानकावर येते आणि तिथून लोकल थेट टर्मिनल ४ ला जाते. तरीही त्याच दिवशी मुंबईचे विमान धरू नका. एक रात्र माद्रिदला थांबा.

प्रश्नकर्ती (पुणे)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एजंटला आज पॅरिसचे तिकीट नको म्हणून कळवले. आखाती देशातून माद्रिदला जाणे-येणे, अर्जात ४६ दिवस आणि पाम्प्लोनात मंगळवार-बुधवार, असे ठरले आहे. पोत्याचे बहिणीला फोनवर सांगितले, तर तिने लगेच दोन काढूनही ठेवली. आता एकच शंका : माद्रिद विमानतळ ते पाम्प्लोना बसचे तिकीट इथूनच काढून ठेवावे का? विमानाला उशीर झाला तर ते फुकट जाईल असे वाटते.

प्रतिसाद ४ (माद्रिद)

पुण्याहूनच काढा, सप्टेंबरमध्ये जागा भरतात. विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान चार तासांनी सुटणारी बस निवडा, आणि बदलता येणारे तिकीट मिळत असेल तर तेच घ्या. एवढे करूनही शेवटची बस चुकलीच, तर माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून पाम्प्लोनाला आगगाडीही आहे. सव्वातीन-साडेतीन तासांत पोहोचवते.