मदत हवी आहे: द्विभाषिक स्मरणिकेत पदव्या स्मॉल कॅप्समध्ये कशा घ्याव्यात?

नमस्कार. ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाची द्विभाषिक स्मरणिका जुळवण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. निवृत्त प्राध्यापकांची नावे आणि पदव्या यांची तिच्यात मोठी यादी आहे. इंग्रजी पानांवर एम.ए., एलएल.बी., एफ.आर.सी.एस. ही अक्षरे पूर्ण कॅपिटलमध्ये ठेवली की नावाआधी पदवीच डोळ्यांत भरते, म्हणून ती स्मॉल कॅप्समध्ये (म्हणजे साधारण लहान अक्षरांच्या उंचीच्या कॅपिटल अक्षरांत) घ्यावीत असे संपादक मंडळाने ठरवले आहे. मराठी पानांवर पदव्या देवनागरीतच असाव्यात, असे माझे मत आहे. देवनागरीत मोठ्या आणि लहान अक्षरांचा भेदच नसल्यामुळे तेथे हा प्रश्न उरत नाही. मात्र परदेशी पदव्या मराठी पानांवरही रोमनमध्येच छापाव्यात, असा काही सदस्यांचा आग्रह आहे, आणि रोमन कॅपिटल अक्षरे शिरोरेषेच्या वर डोके काढून ओळ विस्कटतात.

वागळे इस्टेटमधील ज्या मुद्रणालयात छपाई होणार आहे, तेथील जुळणीकारांनी इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बटणात काम होईल असे सांगितले आणि नमुनाही दिला. त्यातील पदव्यांची अक्षरे शेजारच्या मजकुरापेक्षा काटकुळी दिसतात. म्हणून मी झीलाटेकमध्ये (मजकुरात आज्ञा लिहून जुळणी करण्याच्या प्रणालीत) प्रयत्न केला, पण मुख्य फाँट देवनागरीचा असल्यामुळे टेक्स्टएससी ही स्मॉल कॅप्सची आज्ञा देऊनही पदव्या साध्या लहान अक्षरांतच उमटतात.

दुसरी अडचण पीएच.डी.ची आहे. त्यातील एच मुळातच लहान लिपीतला असतो, त्यामुळे स्मॉल कॅप्स मिळाल्या तरी पी आणि डी पूर्ण उंचीचे राहतील व एच तेवढा बुटका होईल. शेजारी एम.ए. पूर्णपणे स्मॉल कॅप्समध्ये असताना हे फार विजोड दिसेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपल्याला मिळालेला नमुना बहुधा बनावट स्मॉल कॅप्सचा आहे. फाँटमध्ये स्मॉल कॅप्सची स्वतंत्र अक्षरे नसतील, तर इनडिझाइन कॅपिटल अक्षरे केवळ आक्रसून दाखवते (मूळ सेटिंगमध्ये हे प्रमाण ७० टक्के असते), आणि आकाराबरोबर रेघांची जाडीही घटते. वर्ड तर फाँटमध्ये खरी अक्षरे असली तरी आक्रसलेलीच वापरते. खऱ्या स्मॉल कॅप्स वेगळ्या कोरलेल्या असतात. त्यांची जाडी लहान अक्षरांशी जुळते आणि उंची त्यांच्याइतकी किंवा किंचित जास्त असते.

झीलाटेकमध्ये घडते ते याच कारणाने. आपल्या देवनागरी फाँटच्या रोमन भागात स्मॉल कॅप्स नसाव्यात, म्हणून फाँटस्पेक (झीलाटेकमध्ये फाँट निवडणारे पॅकेज) साध्या आकारावर परत येते. लॉग (जुळणीच्या वेळी तयार होणारी नोंदींची फाइल) पाहिलात तर तशी सूचना सापडेल. रोमन मजकुरासाठी ईबी गॅरामंड किंवा लिनक्स लिबर्टाइन असा खऱ्या स्मॉल कॅप्स असलेला फाँट वेगळा जोडावा आणि पदव्यांसाठी स्वतःची एक आज्ञा करून ठेवावी, म्हणजे निर्णय बदलला तर एकाच ठिकाणी दुरुस्ती होईल. मराठी पानांवर या फाँटच्या आकाराचे देवनागरीशी प्रमाण आपोआप जुळेल यावर विसंबू नये. छापील नमुना काढून ते हाताने ठरवावे. अक्षरांमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास अंतर वाढवले, तर पदव्या गर्दीच्या वाटणार नाहीत.

पीएच.डी.बाबत माझे मत असे, की संपूर्ण पदवी लहान अक्षरांत टंकित करून आज्ञेत घालावी. एचचा वेगळेपणा जाईल, पण वाचकाला पदवी ओळखण्यात अडचण येणार नाही, आणि एका ओळीतल्या सर्व पदव्या समान उंचीच्या दिसणे यादीत अधिक महत्त्वाचे आहे. टिंबे मात्र काढू नयेत, नाहीतर डी.लिट. हा एकच चमत्कारिक शब्द असल्यासारखा वाचला जाईल. नावाआधीचे डॉ. किंवा प्रा. यांना हा नियम लावू नये. इंग्रजीत त्यांचे पहिलेच अक्षर मोठे असते, ती तशीच राहू द्यावीत.