धायरीत राहणाऱ्यांनो, उकळलेल्या पाण्याचं घरात कसं जमवताय?

रेवा_धायरी (29 जानेवारी 2025)

नमस्कार. घरात मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासूसासरे. सोसायटीत महापालिकेचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. पुण्यात जीबीएसच्या (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय दुबळे पडतात तो आजार) बातम्या सुरू झाल्यापासून प्यायचं पाणी उकळतेच आहे, तो प्रश्न नाही. रात्री जेवणं आटपली की मोठं पातेलं गॅसवर चढवते, झाकून निववते आणि सकाळी तोटीच्या पिंपात ओतते, म्हणजे कुणाचा हात बुडत नाही. सिलिंडर लवकर संपतोय, पण ते चालेल.

अडतंय ते बाकीच्या ठिकाणी. सासऱ्यांना पहाटे उठल्या उठल्या पाणी प्यायची सवय आहे आणि अंधारात त्यांचा हात सरळ बेसिनच्या नळाकडे जातो. आयुष्यभराची सवय आहे, मला त्यांना सारखं टोकवत नाही. मुलगी चूळ नळाच्याच पाण्याने भरते. मग कोथिंबीर, काकडी, कोशिंबीर? सगळं बंद करायचं का?

दुसरी गोष्ट जास्त बोचते आहे. आमच्या कामाच्या मावशी किरकटवाडीहून येतात. त्यांच्या शेजारचा मुलगा जीबीएसने दवाखान्यात आहे. सोसायटीच्या ग्रुपवर "किरकटवाडी, नांदेडगावच्या बायकांना सध्या गेटवर थांबवा" असं सुरू झालंय. मला हे अजिबात पटत नाही. पण सासूबाई घाबरल्यात, त्यांना समजेल असं काय सांगू? आणि मंगळवारी रथसप्तमी आहे. हळदीकुंकू राहिलंय. करू का?

फिजिओ_स्वाती

रेवाताई, मावशींना बिलकुल थांबवू नका. जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आधी पोटाचा किंवा श्वसनाचा संसर्ग होतो, त्याच्याशी लढायला शरीर जी फौज उभी करतं ती काही जणांच्या बाबतीत स्वतःच्याच नसांवर उलटते. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू, असे जुलाब करणारे जंतू सापडले आहेत, म्हणून सगळं लक्ष पाण्यावर आहे. सासूबाईंना एवढंच सांगा की मावशींना भीती आहे ती त्यांच्या घरच्या नळाची, आपल्याला मावशींची नाही. जुलाब मात्र हातांवाटे पसरतात, त्यामुळे आल्यावर आणि संडासला जाऊन आल्यावर साबणाने हात धुणं सगळ्यांना सारखंच.

लक्ष कशावर ठेवायचं ते लिहिते. जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, पायांना मुंग्या येणं, जिना चढताना पाय न उचलणं, खाली बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं. हे दोन्ही पायांत असेल आणि वाढत असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर एक क्षणही थांबू नका. बहुतेक रुग्ण बरे होतात, वेळ लागतो. मी असे रुग्ण पुन्हा चालायला लागलेले पाहिलेत. आजोबांचे गुडघे दुखतात म्हणून या खुणा वयावर ढकलू नका.

आबा_भोर

मी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुम्ही सगळे स्वयंपाकघरात बघताय, जरा गच्चीवर बघा. टाकी शेवटची कधी घासली? झाकण बसतं का? टँकरवाल्याने पाण्यात क्लोरीन टाकलंय का, कुणी विचारलं?

ओटी टेस्ट करा. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्या, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका. पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. टाकीपाशी नव्हे, सगळ्यात लांबच्या फ्लॅटच्या नळाला करायची. तिथे लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम उरलं पाहिजे. टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) वापरणार असाल तर कोरडी टाकीत झोकू नका. बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढीच टाकीत सोडायची. मग अर्धा तास पाणी सोडायचं नाही. पोतं उघडं राहिलं की पावडरीतला दम जातो, नुसता चुना उरतो. हे वॉचमनवर टाकू नका, कमिटीतल्या माणसाने उभं राहून करून घ्यावं.

विकतच्या जारवरही विसंबू नका. आरओमधून क्लोरीन निघून जातं, पुढे जार घाण असला तर त्या पाण्याला राखण कुणाची?

मंगला_हिंगणे

रेवा, सासऱ्यांना टोकूच नकोस. झोपताना उशाशी उकळलेल्या पाण्याचा तांब्या आणि त्यावर फुलपात्र ठेव, आपल्या आज्या ठेवायच्या तसं. शिवाय बेसिनखालचा कॉक रात्री बंद कर. नळाला पाणीच नसलं की हात आपोआप तांब्याकडे वळतो. मुलीच्या ब्रशशेजारी तिचा वेगळा गडू ठेव.

पातेल्याच्या तळाशी बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे. चांगलं खळखळलं की त्यापुढे मिनिटभर ठेव. कच्ची कोशिंबीर मी सध्या करत नाही, काकडीचं थालीपीठ लावते. कोथिंबीर फोडणीतच घालते, वरून भुरभुरवत नाही. आणि चिकन आणत असशील तर नळाखाली धुऊ नकोस. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि कॅम्पायलोबॅक्टर कच्च्या चिकनवर बऱ्याचदा असतो. सरळ कुकरला लाव, नीट शिजव.

हळदीकुंकू जरूर कर. कुंकू लावल्याने, तिळगूळ दिल्याने काही होत नाही. उसाचा रस, सरबत नको. गरम मसाला दूध दे. मी यंदा वाण म्हणून साबणाच्या वड्या दिल्या.

रेवा_धायरी

मनापासून आभार. कॉक कालच बंद केला. सासरे पहाटे तांब्यातलं पाणी प्यायले आणि काही बोललेही नाहीत. मावशींना उकळलेल्या पाण्याचा कॅन आणि मेडिक्लोरची (पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या थेंबांची) बाटली दिली, थेंब किती ते बाटलीवर वाचून दाखवलं. त्यांच्या घरी लहान नातू आहे. रथसप्तमीला त्यांनाही बोलावलंय आणि ग्रुपवर तसं लिहिलंय. स्वातीताईंचा मजकूर तिथे टाकला तर चालेल ना?

आबा, रविवारी कमिटीची मीटिंग आहे, ओटी टेस्टचं मांडते. ते औषध मिळतं कुठे?

आबा_भोर

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात, किंवा पोहण्याच्या तलावाचं साहित्य ठेवतात तिथे. रंगाच्या पट्टीसकट किट मागा. मुलांच्या हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी मोरीत ओता.