स्मार्ट होमचा हब (घरातले स्मार्ट दिवे-स्विच चालवणारा डबा) सारखा ऑफलाइन जातो? कारण शोधून काढलेल्यांनी लिहा

‘बंद करून चालू केला, झालं’ हे उत्तर या धाग्यावर नको. फॅक्टरी रीसेट मारला की तीस-चाळीस स्विच पुन्हा जोडत बसायचं, आणि मूळ दुखणं तिथंच. काय बिघडतं, कसं ओळखायचं, काय बदलायचं, ते आकड्यांसकट लिहा, वर आपला भाग टाकून.

पहिली पायरी मीच सांगून ठेवतो. दोन-तीन दिवस बिघाडाची वेळ आणि खोली कागदावर टिपा. एकाच खोलीतले दिवे ऐकत नसतील तर हबला हात लावू नका, मधला दुवा तुटलाय. रोज रात्री नऊनंतर सगळंच अडखळत असेल तर वायफायची गर्दी. वीज जाऊन आल्यावर होत असेल तर चालू होण्याचा क्रम. कशालाच धरबंध नसेल तर अॅडॉप्टर, नाहीतर मेमरी कार्ड.

घोडबंदर रोड, २२ वा मजला

टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली की पंचवीस-तीस नावं सहज दिसतात. झिगबी (हब, स्विच आणि सेन्सर यांची आपसातली बिनतारी भाषा) आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात बोलतात. झिगबीचे चॅनेल ११ ते २६. वायफाय १ वर असेल तर झिगबीचे ११ ते १४ झाकले जातात, ६ वर असेल तर १६ ते १९, ११ वर असेल तर २१ ते २४. उरलेल्या फटी म्हणजे १५, २० आणि २५. २६ च्या नादी लागू नका, बरीच उपकरणं तिथे दबक्या आवाजात बोलतात, काही तर जोडलीच जात नाहीत.

राउटर ‘ऑटो’वर ठेवला तर मात्र ही मेहनत पाण्यात, कारण रीस्टार्टनंतर तो कुठेही जाऊन बसतो. १ वर बांधून टाका, रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ, आणि झिगबी २५ वर. चॅनेल बदलल्यावर बॅटरीवाले काही सेन्सर रुसतात, त्यांना एकेक करून पुन्हा जोडायला रविवार राखून ठेवा.

आणि डोंगल (हबला झिगबी देणारी यूएसबी कांडी) थेट निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये खोचू नका! यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो; इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर टिपण काढलं होतं. काळा यूएसबी २ पोर्ट, दीड मीटरची एक्स्टेंशन केबल, आणि डोंगल टीव्हीमागून काढून उघड्यावर. एलक्यूआय, म्हणजे जोडणीचा दर्जा, ० ते २५५ मध्ये मोजतात, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा.

ऐरोली

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर टाकून त्यालाच हब म्हणून चालवत असाल तर फोनचा चार्जर काढा. त्याला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज गळतं, ४.६३ च्या आसपास घसरलं की लॉगमध्ये ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ येतं आणि यूएसबीवरचा डोंगल क्षणभर गायब होतो. अॅपमध्ये दिसतं ते एवढंच, की सगळे दिवे ‘अनअव्हेलेबल’. एसएसडी लावली असेल तर आणखी जपा: चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच मिळतात.

कार्डचं म्हणाल तर होम असिस्टंटचा रेकॉर्डर मुळात दहा दिवसांचा इतिहास ठेवतो आणि दर ५ सेकंदांनी लिहितो. ‘कमिट इंटरव्हल’ ३० करा, सिग्नल आणि वॅट दाखवणारे सेन्सर वगळा. बॅकअप त्याच कार्डावर ठेवणं म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट लावणं.

खारघर, सेक्टर ३५

महावितरणची वीज गेली की जनरेटरवर जायला दहा-पंधरा सेकंद, परत यायला पुन्हा तेवढाच झटका. म्हणजे एका खोळंब्यात हब दोनदा पडतो. हब लवकर उठतो, फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि क्लाउडवर विसंबलेला हब तोवर नाद सोडून देतो. फायबरचा डबा आणि राउटर १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर घ्या. आधी अॅडॉप्टरवरचे अँपिअर बेरीज करा: १ आणि १.५ असतील तर २ अँपिअरचा यूपीएस पुरणार नाही. खोक्यावरचे ८८०० एमएएच हे ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे साधारण ३२ वॅट-तास. १५ वॅटच्या भाराला दोन तासही धरू नका.

पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नाही. इंटरनेट येईपर्यंत वेळ चुकीची, म्हणून संध्याकाळचे दिवे भलत्याच वेळी. शिवाय प्रत्येक स्विचचं ‘पॉवर-ऑन’ वर्तन ‘पूर्वीची स्थिती’वर ठेवा, नाहीतर पहाटे तीनला वीज आली की घरभर उजेड.

नौपाडा

खोलीपुरत्या बिघाडाबद्दल. कायम विजेवर असलेली झिगबी उपकरणं पुढचा निरोप पोचवतात. पाहुण्याने भिंतीवरचं बटण दाबून स्मार्ट बल्बची वीजच तोडली, की त्याच्या पलीकडचे सेन्सर पोरके. असे बल्ब दुवा म्हणून धरू नका, दर दोन भिंतींमागे एक स्मार्ट प्लग ठेवा.

स्मार्ट स्विचला लागणारा न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) जुन्या इमारतीत नसतोच, असं सरसकट मानू नका. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे तो आलेला असतो. मेन एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, मग बोर्ड उघडून सॉकेटच्या वायरी पाहा. रंगावर जाऊ नका, हाती लागली ती वायर ओढलेली असते. न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूल (बटणामागे बसणारा स्मार्ट स्विच) दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढून जगतं. ५ वॅटच्या एलईडीत तेवढा मिळत नाही, मग बल्ब मिणमिणतो आणि मॉड्यूल रीस्टार्ट होत राहतं. दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावा. अशी मॉड्यूलं बहुधा निरोपही पुढे नेत नाहीत.

वाशी

अॅप घरात चालतं, ऑफिसातून नाही? राउटरचा बाहेरचा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे बऱ्याच ग्राहकांत मिळून बाहेरचा एकच पत्ता. पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून थेट घरात वाट उघडण्याची) खटपट सोडा, व्हीपीएन घ्या.

ऐरोली

नौपाड्याच्या बोर्डात भर. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, ३००० चा १३. १० अँपिअरच्या मॉड्यूलवर तो टाकला की रिलेची (आतल्या स्विचची) टोकं कधीतरी चिकटतात. अॅपमध्ये ‘बंद’ आणि गीझरचा लाल दिवा चालू, तर हब बदलू नका. २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (जड भार पेलणारा, कॉइलने ओढला जाणारा स्विच) बसवून घ्या, मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल ओढायची.