स्पीकरफोनवरची मीटिंग : पलीकडे नीट ऐकू जावं म्हणून काय करता?

टेबलावरचा तिकोनी कॉन्फरन्स फोन असो की यूएसबीचा छोटा स्पीकर, "आवाज येत नाहीये" सगळीकडे चालूच. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा.

ऑडिओवाला
आधी अंतर बघा. बोलणारा दुप्पट लांब गेला की माइकपर्यंत पोचणारा त्याचा आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. एसीची घरघर आणि खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून फोन मधोमध आणि माणसं दीड-दोन मीटरच्या आत. टेबल लांबलचक असेल तर जादा माइक जोडा. व्हॉल्यूमचं बटण दाबून उपयोग नाही, त्याने फक्त आपल्याला येणारा आवाज वाढतो. लॅपटॉपचा पंखा आणि कागदांची चळत माइकपाशी अजिबात नको.

तिसरा मजला
प्रतिध्वनीबद्दल. स्वतःचं बोलणं परत ऐकू येत असेल तर दोष बहुतेक वेळा पलीकडच्या टोकाला असतो: तिथल्या स्पीकरचा आवाज तिथल्याच माइकमध्ये शिरतो. एकेकाला म्यूट व्हायला सांगा. ज्याच्या म्यूटने प्रतिध्वनी थांबेल, त्याने व्हॉल्यूम उतरवायचा.

एकाच खोलीत दोन लॅपटॉप कॉलवर असतील तर दुसऱ्याचा माइक बंद करून भागत नाही, स्पीकरही बंद हवा. पहिलं यंत्र फक्त स्वतःच्या स्पीकरमधून निघालेला आवाज ओळखून वजा करतं. शेजारच्याचा आवाज त्याला खोलीतल्या माणसासारखाच वाटतो.

मिनिट्स लिहिणारी
साधे स्पीकरफोन एका वेळी एकाच बाजूचा आवाज पुढे सोडतात. आपली "हो हो", "बरोबर" म्हणत हुंकार द्यायची सवय इथे नडते, बोलणाऱ्याचे दोन शब्द गळतात. वाक्य पुरं होऊ द्या, क्षणभर थांबा, मग बोला.

आणि आकडे! साध्या फोन लाइनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं) एवढाच पट्टा जातो, त्यामुळे बारीक व्यंजनं पुसट होतात. बासष्ट की बाहत्तर, एकोणसाठ की एकोणसत्तर, हे कळत नाही. रक्कम सांगताना "सहा-दोन", "पाच-नऊ" असे सुटे अंक सांगा आणि पलीकडच्याकडून परत वदवून घ्या.

तिसरा मजला
@मिनिट्स लिहिणारी, +१. एक राहिलं: मध्येच टर्र-टर्र ऐकू आलं तर फोनशेजारी ठेवलेला टूजीवरचा मोबाइल बघा. त्याचं प्रक्षेपण सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होतं, तेच ऐकू येतं. हातभर लांब ठेवा.