कामिकाझे पायलटांची घरच्यांना शेवटची पत्रं: मनातलं की लिहायला लावलेलं?

निनाद_के: जपानच्या क्यूशू बेटावर चिरान म्हणून गाव आहे, १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईसाठी आर्मीची कामिकाझे विमानं, म्हणजे पायलटसकट शत्रूच्या जहाजांवर आदळायची ती, तिथून उडायची, आता तिथं म्युझियम आहे आणि त्यात या पायलट पोरांनी जाण्याआधी घरी लिहिलेली पत्रं ठेवलीत. थोडी वाचली भाषांतरात. सूर जवळपास एकच, आई काळजी करू नको, मी हसत जातोय, तुझी सेवा करायची राहिली, माफ कर. विशीतली पोरं हो! खरंच असं वाटत असेल का त्यांना?

मुक्ता७: लष्करामार्फत गेलेलं पत्र आधी वरचे वाचायचे, मग त्यात भीती कोण लिहिणार. पण चिरानमध्ये तोमे तोरिहामा नावाच्या बाईंची खानावळ होती, ही पोरं तिथं जेवायला यायची, त्यांना आईच म्हणायची, आणि काहीजण सेन्सॉर टाळून पत्रं त्यांच्याकडे द्यायचे पोस्टात टाकायला. बाई स्वतःही घरच्यांना लिहून कळवायच्या, तुमचा मुलगा असा होता, असा गेला. मला तर ती माउलीच वाटते.

देशमुख_सातारा: उएहारा र्योजी वाच. केइओ युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी, ११ मे १९४५ ला गेला, वय २२. आदल्या रात्री त्यानं सरळ लिहिलंय की हुकूमशाही देश आज ना उद्या हरणारच, इटली-जर्मनीचं बघा, आणि स्वातंत्र्यावर प्रेम करणारा एक माणूस उद्या जग सोडतोय. हा कागद त्यानं एका वार्ताहराच्या हातात दिला म्हणून वाचला. हे सगळं कळत असूनही पोरगा सकाळी विमानात बसला, हे मला अजून पचत नाही.

अनघा_प: मुक्ता, सगळं सेन्सॉरवर ढकलू नकोस गं. कुणी वाचणार नसतं तरी आईला "मला भीती वाटतेय" असं कोण लिहील? तिला मागे जगायचंय ना. उएमुरा मासाहिसा नेव्हीचा, ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्सला गेला, त्यानं तान्ह्या मुलीला, मोतोकोला लिहिलंय की तुझं नाव मीच ठेवलं, तुझी खेळण्यातली बाहुली विमानात बरोबर घेतलीय म्हणजे तू माझ्यासोबतच असशील. यात कुठला आलाय दबाव? हा बापच बोलतोय. राग धरायचा तर पाठवणाऱ्यांवर धरा, पत्रांवर शंका नको.

मुक्ता७: हे पटलं, पण पाठवणाऱ्यांचं सोडायचं नाही. १९४३ मध्ये कॉलेजच्या पोरांची सैन्यभरतीतली सूट काढून घेतली आणि मग "स्वेच्छेने" म्हणून अर्ज भरून घेतले, सगळे पुढे होत असताना एकटा नाही कसा म्हणेल.

निनाद_के: पत्राबरोबर केस आणि नखं पाठवायचे तेही वाचलं, देह काही परत येणार नाही म्हणून. अनघाताई, उएमुराचं पूर्ण पत्र कुठं मिळेल? आज रात्री बसून वाचतो.